गिअरबॉक्सचा कोड पुसूनही परत येतो: डोंगल, सर्व्हिस सेंटर की गिअरबॉक्सचे जाणकार गॅरेज?

ऑटोमॅटिक गाडीतला ‘चेक इंजिन’चा दिवा कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) पुसल्यावर विझतो आणि चार दिवसांत पुन्हा लागतो, तेव्हा तपासणी कोणाकडून करून घ्यावी हे कोड पाहूनच ठरवावे. पी०७०० हा कोड एवढेच सांगतो, की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने बिघाड नोंदवला असून दिवा लावण्याची विनंती केली आहे. नेमका कोड त्या कंट्रोलरमध्ये असतो आणि तो वाचल्याशिवाय एकही सुटा भाग बदलू नये.

गाडीच्या तपासणी-सॉकेटमध्ये खोचून मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे, कोड वाचणारे स्वस्त डोंगल इथेच अपुरे पडते, कारण त्याचे साधे ॲप अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या कंट्रोलरपर्यंत पोहोचतच नाही. तरीही ते जवळ असावे. बॅटरीचा व्होल्टेज त्यावर कळतो, आणि कमकुवत बॅटरीमुळेही असे कोड येतात. कोड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम आणि कूलंटचे तापमान म्हणजेच ‘फ्रीझ फ्रेम’ही दिसते, कोड पुसला की ही नोंदही जाते, म्हणून आधी तिचा फोटो काढून ठेवावा.

वॉरंटी शिल्लक असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर सोडून दुसरीकडे जाऊ नये. कंपनीचा स्कॅनर आणि कंट्रोलरचे सॉफ्टवेअर अपडेट तिथे मिळते. एएमटी (साध्या गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणाऱ्या) गाडीत क्लच बदलल्यावर लागणारे कॅलिब्रेशनही तिथेच करून घेणे बरे. वॉरंटी संपल्यावर मात्र तिथे बिघडलेला भाग दुरुस्त करण्याऐवजी अख्खी व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वळवणाऱ्या झडपांचा ठोकळा) किंवा गिअरबॉक्सच बदलण्याचे एस्टिमेट हाती पडण्याची शक्यता बरीच असते.

वॉरंटी संपलेल्या, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या गाडीसाठी मी गिअरबॉक्सचेच काम करणाऱ्या गॅरेजला पसंती देईन. अट एवढीच, की तिथे लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर असावा आणि तो जोडून, गिअरबॉक्स पुरता तापल्यावर, गाडी चालवून पाहण्याची तयारी असावी. पी०७४१ आला असेल तर लॉकअपचा (कन्व्हर्टरमधला क्लच लावून इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडण्याचा) आदेश गेल्यावर इंजिन आणि टर्बाइन (कन्व्हर्टरचा गिअरबॉक्सकडचा फिरता भाग) यांच्या आरपीएममधला फरक जवळपास शून्यावर यायला हवा. तो तसाच राहिला तर लॉकअप क्लच घसरतो आहे किंवा त्याला पुरेसा ऑइलदाब मिळत नाही. पी०७५३ हा मात्र सोलेनॉइडच्या (गिअर बदलण्यासाठी ऑइलची वाट विजेने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेच्या) विद्युत सर्किटचा कोड आहे. त्यासाठी कनेक्टर काढून मल्टिमीटरने रोध मोजायचा, कनेक्टरच्या पिनांवर ऑइल किंवा गंज आहे का ते पाहायचे आणि कंट्रोलरपर्यंतची वायरिंग तपासायची. अनेक जपानी गिअरबॉक्समध्ये साधा शिफ्ट सोलेनॉइड थंड असताना ११ ते १५ ओहम दाखवतो, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच पाहावा. सोलेनॉइड नवा घालूनही हा कोड परत आला, तर दोष बहुधा वायरीत किंवा कनेक्टरमध्ये असतो, आणि तो शोधायला महागड्या भागापेक्षा सबुरीचा इलेक्ट्रिशियन लागतो.

ऑइलची पातळी सर्व्हिस सेंटर आणि गॅरेज दोन्ही ठिकाणी तपासली जाईलच, पण ती कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, आणि बहुतेक गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू ठेवून, पाहायची असते. थंड गाडीत पाहून ‘ऑइल ठीक आहे’ म्हणणाऱ्याच्या निदानावर विसंबू नये. तपासणीची मजुरी वेगळी ठरवून घ्यावी आणि निदान कोणत्या मोजमापावरून केले तेही विचारावे. गाडी लिम्प मोडमध्ये (बिघाड झाल्यावरच्या मर्यादित चालीत) एकाच गिअरमध्ये अडकली असेल तर ती फ्लॅटबेडवरूनच न्यावी, कारण इंजिनाने फिरणारी चाके जमिनीवर ठेवून ओढली तर इंजिन बंद असल्याने ऑइल पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स आतून कोरडा घासला जातो.