प्रवचन एक सांगते, मोजणी दुसरेच

अपयशाने खचलेल्या माणसाला श्रद्धेच्या आधाराने पुन्हा उभे करावे, या हेतूने रोज एक छोटे चिंतन ऐकवणारे एक अ‍ॅप मी सध्या वापरतो आहे. त्यातील आशय उत्तम आहे. मांडणीने मात्र काही ठिकाणी त्यावर पाणी फिरवले आहे.

सर्वांत सकस भाग गीतेच्या सहाव्या अध्यायावरचा आहे. श्रद्धा असूनही ज्याची साधना अर्ध्यावर सुटली, तो फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नष्ट तर होत नाही ना, हा ३७ आणि ३८व्या श्लोकांतील अर्जुनाचा प्रश्न निवेदक सावकाश उलगडतो. भले करणारा कोणीही दुर्गतीला जात नाही, हे ४०व्या श्लोकातले उत्तर देऊन तो थांबत नाही. पुढच्या जन्मीही पूर्वीची बुद्धी परत लाभते आणि साधक तिथून पुढे प्रयत्न करतो, या ४३व्या श्लोकावर तो अधिक वेळ देतो. आजवरचे सगळे पाण्यात गेले, असे वाटणाऱ्याला नेमके हेच ऐकायचे असते.

बायबलमधील एलीयावरचे चिंतनही तितकेच संयत आहे. ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळालेला हा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत उपदेशाचा एक शब्दही न काढता त्याला भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि दुसऱ्यांदा उठवल्यावरच पुढच्या लांब वाटेचे नाव काढतो. थकवा म्हणजे अश्रद्धा नव्हे, एवढेच निवेदक सांगतो.

‘श्रद्धा ठेवली आणि यश मिळाले’ छापाचे श्रोत्यांचे अनुभव मात्र टाळले असते तर बरे झाले असते. ज्याला यश मिळालेच नाही, त्याने काय समजावे?

खरी खटकणारी गोष्ट म्हणजे सलग दिवसांची मोजणी. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि पडद्यावर तुटलेली साखळी दिसते. केलेला प्रयत्न वाया जात नाही, हे ज्या अ‍ॅपवर ऐकायचे, त्यानेच दुसऱ्या दिवशी आपले खाते कोरे करून दाखवावे, याला काय म्हणावे! ही मोजणी बंद करण्याची सोय सेटिंग्जमध्ये नाही. स्मरणसूचना तेवढ्या बंद करता येतात. त्या आधी बंद कराव्यात आणि थेट सहाव्या अध्यायापासून ऐकायला घ्यावे.