वनस्पती, प्राणी की पेशी : उजळणी कोठून सुरू करावी?

जीवशास्त्राची उजळणी पेशीपासून करावी, वनस्पतींपासून की प्राण्यांपासून, असे विचारणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्याने आधी आपली परीक्षा कोणती, हे ठरवावे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे असतात, दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेच्या १०० गुणांच्या जीवशास्त्रात गुण कापले जात नाहीत. तेथे सुमारे ८० टक्के भर बारावीवर असून अकरावीची मोजकीच प्रकरणे येतात.

नीट देणाऱ्याने पेशीपासून सुरुवात करावी, कारण या भागात पाठांतर कमी आणि कार्यकारणभाव अधिक आहे. पेशीविभाजनाच्या अखेरीस प्राणीपेशीत बाहेरून खाच पडून ती आत सरकते, तर वनस्पतिपेशीत मध्यभागी पेशीपटल तयार होऊन ते कडेकडे वाढते. ताठर पेशीभित्तिका आत ओढली जाऊ शकत नाही, एवढे उमगले की हा फरक वेगळा पाठ करावा लागत नाही. सीईटीपुरता अभ्यास करणाऱ्याने पेशीअंगकांवर, म्हणजे पेशीतील लहान भागांवर, फार वेळ घालवू नये. मात्र अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन, वगळणे त्यालाही परवडणारे नाही. त्याच्या पहिल्या मध्यावस्थेत (गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर येतात त्या टप्प्यात) गुणसूत्रांची प्रत्येक जोडी इतर जोड्यांची दिशा न पाहता रांगेत उभी राहते, आणि बारावीतील मेंडेलचे दोन गुणांच्या संकरातील ९:३:३:१ हे गुणोत्तर त्यातूनच येते.

वनस्पतींचा भाग रुक्ष वाटतो म्हणून बरेच जण तो शेवटी ढकलतात. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने तरी तसे करू नये. शिरोळ-करवीरच्या शेतातील ऊस ही सी-फोर (कार्बन डायऑक्साइडपासून आधी चार कार्बनचे आम्ल बनवणारी) वनस्पती आहे आणि गगनबावडा-चंदगडकडचा भात सी-थ्री (आधी तीन कार्बनचे संयुग बनवणारा). हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली हा सी-फोर मार्ग मांडला तो उसाच्याच पानांवरील प्रयोगांतून. उसाच्या पानात शिरेभोवती मोठ्या पेशींचे कडे असते. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनचे आम्ल बनवतात, ते कड्यातील पेशींत पोहोचले की तेथे तो वायू पुन्हा मोकळा होतो आणि शर्करा बनवणारे केल्व्हिन चक्र चालते. या चक्रात कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराभोवती तो वायू दाट राहिल्यामुळे प्रकाशश्वसनातील, म्हणजे रुबिस्कोने चुकून ऑक्सिजन पकडल्याने होणारी, नासाडी टळते. भाताच्या पानात ही सोय नाही. उसाचे पान एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्याला त्यावरचे प्रश्न अवघड जात नाहीत.

मात्र राज्य मंडळाच्या पुस्तकात प्रकाशसंश्लेषण अकरावीत आहे आणि सीईटीच्या निवडक प्रकरणांत ते नाही. उलट वनस्पतींमधील पाण्याचे वहन बारावीत असल्याने सीईटीला येते, तर नीटच्या सध्याच्या अभ्यासक्रमातून ते वगळलेले आहे. पचनाचीही हीच गत आहे : सीईटीला आहे, नीटला नाही. शिकवणीच्या जुन्या नोट्स वापरणाऱ्यांची फसगत बहुधा येथेच होते.

प्राण्यांच्या भागात, विशेषतः मानवी शरीरक्रियेत, आकडे आणि आकृत्या फार आहेत. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो, पण मूत्र जेमतेम दीड लिटर तयार होते. उरलेले पाणी रक्तात परत कसे शोषले जाते, हे परासरण (निवडक पटलातून पाण्याचे तीव्र द्रावणाकडे जाणे) समजलेल्यालाच व्यवस्थित सांगता येते. उत्सर्जन दोन्ही परीक्षांना असल्याने येथे दिलेला वेळ वाया जात नाही. प्राण्यांच्या वर्गीकरणातील उदाहरणे तेवढी निव्वळ पाठांतराची. ती परीक्षेच्या जवळ घ्यावीत, नाहीतर विसरली जातात.

दोन्ही परीक्षा देणाऱ्याने पेशीविभाजन व परासरण, मग आनुवंशिकता, त्यानंतर मानवी शरीरक्रिया असा क्रम ठेवावा आणि वनस्पतींचा भाग रोज थोडा सोबत चालू ठेवावा. फक्त सीईटी देणाऱ्याने थेट बारावीच्या वनस्पती आणि पाणी या प्रकरणाला हात घालावा व परासरण तेथेच शिकावे.