जुना ५.१ सेट नव्या टीव्हीला जोडला, सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

माझा रिसिव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर) २००९ मधला, पाच स्पीकर आणि एक सबवूफर (हेच ते ५.१) अजून ठणठणीत, त्यामुळे ५५ इंची टीव्ही घेताना दुकानदार साउंडबार घ्या म्हणून मागे लागला होता तरी घेतला नाही. अडचण एकच, रिसिव्हरला एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच रिसिव्हरकडे परत नेणारी सोय) नाही. ते आलं एचडीएमआय १.४ बरोबर, तेही २००९ लाच, म्हणजे थोडक्यात हुकलं. मग राहिली ऑप्टिकल केबल. (केबलच्या दोन्ही टोकांना बारीक प्लास्टिकची टोपी असते ती आधी काढा, मी अर्धा तास ती तशीच कोंबत होतो 😅)

जोडल्या जोडल्या पाचही स्पीकरमधून आवाज यायला लागला, मी खूश. तब्बल दोन महिने खूश होतो. मग एकदा लाइट गेले आणि परत आल्यावर रिसिव्हर सुरू करताना सहज डिस्प्लेकडे लक्ष गेलं तर तिथे 'प्रो लॉजिक टू' लिहिलेलं. म्हणजे टीव्ही साधा दोन चॅनलचा स्टिरिओ पाठवत होता आणि रिसिव्हर त्याचाच अंदाजाने पाच ठिकाणी वाटप करत होता. मागच्या स्पीकरमधून जे येत होतं तो नुसता शिडकावा होता, आणि मी पाहुण्यांना बसवून बसवून ऐकवत होतो.

कारण काय तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (न दाबलेला डिजिटल आवाज) वर होतं. ऑप्टिकलमधून पीसीएम दोनच चॅनलचं जातं, ५.१ हवं असेल तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस असं दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करूनच पाठवावं लागतं. 'डॉल्बी डिजिटल' निवडलं, नेटफ्लिक्सवर ५.१ वाला सिनेमा लावला आणि पाऊस चक्क सोफ्याच्या मागे पडायला लागला. बायको म्हणाली, बाल्कनीतले कपडे काढ.

पण सगळं गोड नाही. पेनड्राइव्हवरचे डीटीएस वाले सिनेमे टीव्ही मुक्यानेच दाखवतो, त्याला ते कळतच नाही. सेटटॉप बॉक्सवरच्या मराठी मालिका स्टिरिओच, तिथे प्रो लॉजिकच बरं. बाहेरची स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीच्या एचडीएमआयला लावली तर माझा टीव्ही ऑप्टिकलवर परत स्टिरिओच देतो, म्हणून सगळं टीव्हीतल्या अ‍ॅपवरच बघतो. अ‍ॅटमॉस (डॉल्बीचा, डोक्यावरूनही आवाज येतो तो प्रकार) ऑप्टिकलवर विसरा.

घरात सगळ्यात जास्त कुरबूर मात्र रिमोटची. ऑप्टिकलवर टीव्हीच्या रिमोटने रिसिव्हरचा आवाज कमीजास्त होत नाही, त्यामुळे आई रोज दुपारी हाक मारते, "अरे, हा आवाज वाढेना!" आणि मी दुसरा रिमोट शोधत फिरतो. शेवटी त्याला लाल सेलोटेप गुंडाळलाय.

दोन गोष्टी नंतर केल्या त्या आधीच करायला हव्या होत्या. सेंटर स्पीकर ३ डीबीने वाढवला, कारण संवाद कुजबुजल्यासारखे आणि मारामारी कानठळ्या बसवणारी असं चाललं होतं, आणि रात्री दहानंतर नाइट मोड (मोठे आवाज दबवणारी सेटिंग), नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका सबवूफरमुळे वर येतात. दोनदा आलेत. दुसऱ्यांदा आले ते मॅच संपेपर्यंत बसले.

नवीन सेट घेणार असाल तर ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) वालाच बघा, एका केबलमध्ये आवाज आणि रिमोट दोन्हीचा प्रश्न मिटतो. जुना पडून असेल तर शंभर-दोनशेची ऑप्टिकल आणा, लावा, आणि पाहुण्यांना बोलवायच्या आधी एकदा डिस्प्ले वाचा.