पूर्ण मासेमारीबंदी की अंशतः संरक्षण?

समुद्राचा एखादा पट्टा राखायचा ठरला की दोन वाटा समोर येतात. एक, मासेमारी पूर्ण बंद. दुसरी, काही जाळ्यांना, काही बोटींना किंवा काही हंगामांत मुभा. नकाशावर दोन्हींना ‘सागरी संरक्षित क्षेत्र’च म्हणतात आणि फसगत तिथेच होते.

पूर्ण बंदीसाठी मी आधी मेक्सिकोतल्या काबो पुल्मोकडे बोट दाखवेन. १९९५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. त्यासाठी पुढाकार घेतला तो मासेमारीवरच जगणाऱ्या स्थानिक कुटुंबांनी, आणि राखणही त्यांनीच केली. १९९९ ते २००९ या काळात तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं. न्यूझीलंडमधलं ली गावाजवळचं १९७५ चं राखीव क्षेत्र मला त्याहून बोलकं वाटतं. तिथे मोठे स्नॅपर मासे आणि क्रेफिश (शेवंडी) वाढले, त्यांनी केल्प खाणारे काटेरी सी-अर्चिन फस्त केले आणि अर्चिनांनी बोडक्या केलेल्या खडकांवर केल्पचं, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाचं, रान पुन्हा उभं राहिलं. म्हणजे फक्त मासे वाढले असं नाही, तळावरची सगळी जीवसृष्टीच पालटली. शिवाय मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते. पिल्लं हद्दीबाहेर वाहत जातात, त्याचा लाभ बाहेरच्या जाळ्यांना मिळतो. पण हा लाभ हाती यायला वर्षं लागतात, आणि तोवर झळ मच्छीमारांनाच बसते.

अंशतः संरक्षणाला विरोध कमी होतो, चूलही पेटती राहते. फळ मात्र कशाला मुभा आहे त्यावर ठरतं. युरोपातल्या संरक्षित क्षेत्रांच्या २०१८ च्या एका अभ्यासात तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांचा वावर हद्दीबाहेरपेक्षा आतच जास्त आढळला! याला संरक्षण म्हणणं मला पटत नाही. बंदी असलेल्या गाभ्याला लागून बेताच्या मासेमारीचा पट्टा असेल, तर मात्र ही पद्धत चांगली चालते.

जगभरातल्या ८७ क्षेत्रांच्या २०१४ च्या अभ्यासात पाच गोष्टी निर्णायक ठरल्या: पूर्ण बंदी, कडक राखण, दहा वर्षांहून जास्त वय, १०० चौरस किलोमीटरहून मोठा विस्तार आणि खोल पाण्याने किंवा वाळूने आलेलं वेगळेपण. निम्म्याहून अधिक क्षेत्रांत यातल्या एकदोनच होत्या. तिथले मासे मासेमारीच्या जागांइतकेच निघाले.

समुद्राच्या वाढत्या उष्णतेपुढे मात्र दोन्ही पद्धती हतबल. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभित्तीच्या सागरी उद्यानाचा ३३ टक्के भाग २००४ पासून मासेमारीला बंद आहे, तरी २०१६ आणि २०१७ मध्ये तिथलेही प्रवाळ पांढरे पडले.

राखणीचा पैसा मोजकाच असेल तर मी लहान, पण पूर्ण बंद गाभा निवडेन आणि भोवती मर्यादित मासेमारी ठेवेन. कुठले खडक बंद ठेवायचे, हे तिथे रोज जाळं टाकणाऱ्यांबरोबर बसूनच ठरवा.