सैतानाला 'नाव सांग' म्हणायला शिकवणारा ऑनलाइन कोर्स, दोन स्टार

सहा आठवड्यांचा कोर्स, व्हिडिओ प्लस वर्कबुक प्लस दर शनिवारी लाइव्ह कॉल, आणि जाहिरात काय तर प्रापंचिक कॅथलिकांसाठी आध्यात्मिक युद्धाचं ट्रेनिंग. नाव मुद्दाम देत नाहीये कारण असे कोर्स आता ढिगाने आहेत, एकाचं नाव घेतलं की बाकीचे साळसूद ठरतात. मी का घेतला? घरात वर्षभर आजारपण चालू होतं, रात्री दोन वाजता झोप येत नव्हती, फोनवर जाहिरात दिसली आणि पैसे भरून मोकळी झाले. अशा वेळी माणूस काहीही विकत घेतो हे विकणाऱ्यांना बरोबर माहीत असतं.

आधी चांगलं सांगते. पहिला आठवडा खरंच छान आहे. बाप्तिस्म्यात आपण सैतानाला आणि त्याच्या सगळ्या कामांना नकार देतो त्याचा अर्थ काय, कन्फेशनची, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करण्याची, तयारी कशी करायची, उपास कशासाठी, मनातली जुनी अढी कशी सोडायची. आवाज क्लिअर, व्हिडिओ वीस मिनिटांच्या आत. मी तर दोन मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं की घ्या म्हणून. नंतर त्यांना फोन करून नका घेऊ म्हणावं लागलं ते वेगळं.

दुसऱ्या आठवड्यापासून गाडी घसरते. आता प्रार्थना देवाकडे नाही, थेट त्या दुष्टात्म्याकडे. वर्कबुकच्या पान 14 वर गाळलेल्या जागा भरा आहे, "मी ______ च्या आत्म्याला बांधतो आणि निघून जायची आज्ञा देतो". खाली नमुन्यादाखल यादी. राग, आळस, कर्ज, मोबाइलचं व्यसन आणि मी शपथेवर सांगते, ॲसिडिटी. ॲसिडिटीचा दुष्टात्मा! म्हणजे रात्री अकराला जेवून आडवं व्हायचं आणि नाव सैतानाचं. हसू येतं पण यात एक गोची आहे, सगळ्याला आत्मा म्हटलं की स्वतःच्या पापाची जबाबदारी उरतच नाही आणि मग पहिल्या आठवड्यात शिकवलेलं कन्फेशन तरी कशाचं करायचं?

शेवटी परिशिष्टात पोप लिओ तेरावे यांची 1890 ची एक्झॉर्सिझमची, म्हणजे सैतानाला हुसकावण्याची, प्रार्थना अख्खी छापलीय, वर "घरच्या वापरासाठी". इथे मी थांबले, कारण हे कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. शोधलं तर 29 सप्टेंबर 1985 चं व्हॅटिकनचं पत्र निघालं, श्रद्धासिद्धांत मंडळाने जगभरच्या बिशपांना पाठवलेलं, सही कार्डिनल रॅट्झिंगर यांची, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले. त्यात स्पष्ट लिहिलंय की याच प्रार्थनेतला सैतानाला उद्देशून असलेला भाग भाविकांनी वापरायचा नाही, अख्खा मजकूर तर नाहीच नाही. आणि परवानगी नसलेल्या माणसांनी अशा सभा चालवायच्या नाहीत जिथे दुष्टात्म्यांशी थेट बोललं जातं, त्यांची ओळख विचारली जाते. अर्थ लावत बसायची गरजच नाही, कोर्सच्या तिसऱ्या आठवड्याचा सिलॅबस समोर ठेवून पत्र लिहिल्यासारखं वाटतं. त्याआधीचा 1983 चा कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, घ्या, कलम 1172, पछाडलेल्या माणसावर एक्झॉर्सिझम करायला स्थानिक बिशपांची खास आणि स्पष्ट परवानगी लागते आणि ती फक्त धर्मगुरूलाच, तोसुद्धा भक्ती, ज्ञान, सावधपणा आणि स्वच्छ चारित्र्य असलेला पाहिजे. म्हणजे सगळे फादरसुद्धा चालत नाहीत तिथे आपण वर्कबुक घेऊन निघालोय.

आता कोर्सवाल्यांचा मुद्दाही सांगते कारण तो अगदीच पोकळ नाही. बायबलात मार्क 16:17 मध्ये येशू म्हणतो की विश्वास ठेवणारे माझ्या नावाने भुतं काढतील, फादरच काढतील असं नाही म्हणत. आणि पहिल्या शतकांत साधे ख्रिस्ती लोक हे करायचे हे ओरिजन या जुन्या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय. बरोबर आहे. पण चर्चने पुढे हे काम मोजक्या हातांत का दिलं याचं उत्तर बायबलातल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात, अध्याय 19 मध्ये आहे. स्किवाचे सात मुलगे येशूचं नाव उसनं घेऊन भूत काढायला जातात, तो दुष्टात्मा विचारतो येशू मला माहीत आहे, पौलही माहीत आहे, तुम्ही कोण? आणि तो एकटा माणूस सातही जणांना असा बडवतो की उघडेबंब आणि रक्तबंबाळ होऊन घराबाहेर पळतात. कोर्समध्ये हा अध्याय नाहीये. मी सर्च करून बघितलं, अख्ख्या वर्कबुकात स्किवा हा शब्द नाही.

ज्यांना वाटतं म्हणजे मग आपण गप्पच बसायचं का, त्यांच्यासाठी थोडं लांबण लावते. फरक आज्ञा आणि विनंतीचा आहे. आपण सगळे म्हणतो ती संत मायकलची छोटी प्रार्थना बघा, ती पण पोप लिओंचीच, तिच्यात आपण सैतानाला काहीच बोलत नाही, देव त्याला दटावो अशी नम्रपणे विनवणी करतो आणि बाकीचं मायकलवर सोडतो. आणि खुद्द मायकल? बायबलातल्या यहूदाच्या पत्रात मोशेच्या देहावरून सैतानाशी वाद झाला तेव्हा मुख्य देवदूत असूनही तो स्वतःच्या जोरावर बोलला नाही, "प्रभू तुला धमकावो" एवढंच म्हणाला. सेंट बेनेडिक्टच्या मेडलवर 'सैताना, मागे हो' अशा अर्थाची लॅटिन अक्षरं आहेत ना, हा प्रश्न मी लाइव्ह कॉलमध्ये विचारलेला. मला नंतर एका फादरनी नीट समजावलं की ते आपल्या स्वतःच्या मोहाला दिलेलं नाही म्हणणं आहे, दार लावून घेणं. दुसऱ्याच्या घरात शिरून आतल्या चोराशी गप्पा मारणं ही वेगळी गोष्ट.

आणि गप्पांचाच तर धोका आहे. येशू लेगियोन नावाच्या दुष्टात्म्याला नाव विचारतो हे कोर्समध्ये चार वेळा येतं, पण मार्कच्या पहिल्याच अध्यायात तो भुतांना बोलूच देत नाही हे एकदाही नाही. चर्चच्या जुन्या 1614 च्या विधिग्रंथात धर्मगुरूला नाव विचारायची मुभा आहे पण फालतू चौकशा नकोत अशी ताकीदही आहे, आणि सगळ्यात पहिली सूचना काय तर कोणी पछाडलाय यावर पटकन विश्वास ठेवू नका. योहानाच्या शुभवर्तमानात ज्याला लबाडीचा बाप म्हटलंय त्याच्याकडून माहिती काढून करणार काय?

ही गोष्ट मी चौथ्या शनिवारी बघितली. कॉलवर एक ताई होत्या, त्यांना कित्येक महिने झोप नव्हती. कोर्स चालवणारे ब्रदर (ब्रदर म्हणजे आपले म्हणायचे, व्रतबंधू नाहीत, तुमच्याआमच्यासारखे प्रापंचिकच) आवाज चढवून त्यांच्याकडे बघत ओरडायला लागले, नाव सांग, नाव सांग. आम्ही तीसेक जण छोट्या छोट्या चौकोनांतून बघतोय. ताई थरथरायला लागल्या, त्यांच्या मागे भिंतीवरचा क्रूस कॅमेऱ्यात अर्धा दिसत होता, आणि खूप वेळाने त्यांनी एक नाव घेतलं. ते त्यांच्या वारलेल्या भावाचं होतं. ब्रदर म्हणाले सापडला, त्याला "बाहेर काढला", सगळ्यांनी आलेलुया टाइप केलं. पहाटे तीनला ग्रुपवर ताईंचा मेसेज, "तो अजून माझ्यात आहे का?" कोणी उत्तर दिलं नाही. म्हणजे आधी झोप नव्हती, आता झोपही नाही आणि वर ही भीती की आपला भाऊच दुष्टात्मा होऊन अंगात बसलाय. चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात, परिच्छेद 1673, म्हटलंय की एक्झॉर्सिझमआधी हे आजारपण तर नाही ना याची खात्री करणं महत्त्वाचं आहे. इथे कोणी विचारलंही नाही की ताई डॉक्टरकडे गेलात का.

आणि परवानगी असली की सगळं आलबेल असं पण नसतं. जर्मनीत ॲनेलिझ मिशेल या मुलीवर एक्झॉर्सिझम केला त्या वेळी बिशपांची परवानगी होती, दोन धर्मगुरू होते, 67 सत्रं झाली, आणि 1976 मध्ये ती 23 वर्षांची मुलगी अन्नावाचून गेली. 1978 मध्ये कोर्टाने आईवडील आणि दोन्ही धर्मगुरूंना दोषी धरलं. माहितगार माणसांच्या हातून हे झालं, आणि इथे सहा आठवड्यांत सर्टिफिकेट मिळतंय.

मी पाचव्या आठवड्यात सोडलं. रिफंड मागितला तर सपोर्टकडून उत्तर आलं की सिस्टर, शंका हाही एक आत्मा आहे. यावर काय बोलणार, त्यांचा धंदा कधी बुडणार नाही. ताईंना मी वेगळा मेसेज केला, त्यांच्या पॅरिशच्या फादरना भेटा आणि झोपेच्या डॉक्टरना पण, दोन्हीकडे जा. त्या गेल्या. फादरनी भावासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ठेवली, एवढंच त्यांनी कळवलं.

स्वतःपुरतं काही म्हणायचं असेल तर 1998 च्या नव्या विधिग्रंथाला जोडलेल्या प्रार्थना आहेत, भाविकांनी खासगीत म्हणायच्याच म्हणून दिलेल्या, आणि सगळ्या देवाला, मरियेला, संतांना उद्देशून. त्यासाठी कोर्स लागत नाही. दोन स्टार देतेय ते दोन्ही पहिल्या आठवड्याचे. पान 3 वरचा कन्फेशनच्या तयारीचा तक्ता प्रिंट काढून मिस्सेच्या पुस्तकात ठेवलाय, बाकी पीडीएफ डिलीट.