शेअर फोल्डरच्या ग्रुप परमिशन: सेटजीआयडी की डिफॉल्ट एसीएल?

लिनक्स मशीनवर सांबा (लिनक्सचे फोल्डर विंडोज पीसींना शेअर करून देणारं सॉफ्टवेअर), समोर पंधरा-सोळा विंडोज पीसी, आणि अकाउंट्सवाल्यांनी एकमेकांच्या फाईली उघडून त्यात बदल करता यायला हवेत, असं काम ज्यांच्याकडे आलंय त्यांच्यासाठी लिहितोय. सांबा कसा टाकायचा, ग्रुप कसा बनवायचा हे तुम्हाला येतंच असणार, त्यात जात नाही. मी आधी तीनेक वर्षं सेटजीआयडीवर (फोल्डरवरचा एक बिट, ज्यामुळे आत बनणाऱ्याला फोल्डरचाच ग्रुप लागतो) काढली, नंतर डिफॉल्ट एसीएलवर (फोल्डरवर लावलेली परवानग्यांची यादी, जी आत नवं बनणाऱ्याला आपोआप लागते) आलो आणि अजून तिथेच आहे. दोन्हीवर ऑफिस चालतं, हे आधीच सांगतो.

सेटजीआयडीची पद्धत सगळ्यांच्या ओळखीची. फोल्डरचा ग्रुप अकाउंट्स करायचा, सीएचमॉड (परमिशन बदलायची कमांड) २७७० मारायचा, यात २ म्हणजे सेटजीआयडी आणि पुढचे तीन आकडे मालक, ग्रुप आणि बाकीच्यांचे, की आत बनणाऱ्या प्रत्येक फाईलला आपोआप तोच ग्रुप लागतो आणि आतल्या नव्या फोल्डरला सेटजीआयडीचा बिटही (परमिशनमध्ये एस म्हणून दिसतो तो) मिळतो. पण ग्रुप मिळाला म्हणजे लिहायची परवानगी मिळाली असं नाही, इथे बरेच जण अडकतात. सांबाचा क्रिएट मास्क (नव्या फाईलला जास्तीत जास्त किती परवानगी मिळेल ती मर्यादा) मुळात ०७४४ असतो, म्हणजे ग्रुपला फक्त वाचायचं. त्यात एक्सेल फाईल सेव्ह करताना नवीन टेम्पररी फाईल लिहितं आणि तिचंच नाव बदलून जुन्याच्या जागी ठेवतं, त्यामुळे दर सेव्हला फाईल नवी जन्मते आणि मालक बदलतो. सकाळी एकाने सेव्ह केलं की दुपारी दुसऱ्याला तीच शीट रीड-ओन्ली. क्रिएट मास्क आणि डिरेक्टरी मास्क ०७७० केले, फोर्स क्रिएट मोड ०६६० आणि फोर्स डिरेक्टरी मोड २७७० (नव्या फाईल-फोल्डरला या परवानग्या सक्तीने लावणाऱ्या ओळी) टाकला की हे दुखणं जातं, आणि पुष्कळ ऑफिसांना एवढ्यावर पुरतं सुद्धा. एलएस (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं की सगळं एका ओळीत दिसतं, उद्या दुसरा कोणी मशीन सांभाळायला आला तरी त्याला समजावत बसावं लागत नाही. ही सोय छोटी नाही.

मग मी सोडलं का? एका गोष्टीपायी. आमच्याकडे रात्री क्रॉनवर (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) एक स्क्रिप्ट चालते, ती शेअरमध्ये त्या तारखेच्या नावाचा फोल्डर बनवते आणि डेटाबेसमधून काढलेल्या सीएसव्ही त्यात टाकते. सकाळी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन, "अहो, कालचा फोल्डर उघडतोय पण त्यात काही सेव्हच होत नाहीये." बघितलं तर ग्रुप बरोबर अकाउंट्स, एस पण आहे, पण ग्रुपच्या तीन अक्षरांत आर आणि एस, मधला डब्ल्यू, म्हणजे लिहायची परवानगी, गायब. कारण सांबातल्या त्या फोर्सच्या ओळी फक्त सांबातून येणाऱ्या फाईलींना लागतात, आणि क्रॉनची स्क्रिप्ट थेट डिस्कवर लिहिते, तिथे यूमास्क (नव्या फाईल-फोल्डरवरून कोणत्या परवानग्या काढायच्या ते सांगणारा आकडा) ०२२ चालला. स्क्रिप्टच्या वर यूमास्क ००२ लिहिलं, मिटलं. दोन महिन्यांनी दुसरी स्क्रिप्ट आली, तिच्यात लिहायचं राहिलं, परत तोच फोन. मग एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून थेट सर्व्हरवर लॉगिन करून) आत येऊन कोणी फोल्डर बनवला, परत तेच. प्रत्येक वेळी दुरुस्ती दोन मिनिटांची, पण समोर माणूस काम थांबवून बसलेला असतो आणि रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात ती दोन मिनिटंसुद्धा फार जड जातात. मला तेव्हा पटलं की परवानगीचा नियम फोल्डरलाच चिकटलेला हवा, कोण कुठून लिहितोय त्यावर अवलंबून नको.

डिफॉल्ट एसीएल नेमकं हेच करतं. फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल असेल तर आत काही बनवताना कर्नल (लिनक्सचा गाभा) यूमास्क बघतच नाही, फोल्डरचा नियम लावतो. सेटएफएसीएलने (एसीएल लावायची कमांड) अकाउंट्सला आरडब्ल्यू आणि कॅपिटल एक्स (फोल्डरमध्ये शिरायची परवानगी) द्यायचा, मग डॅश डी लावून तेच डिफॉल्ट म्हणून द्यायचं. दोन्ही वेळा द्यायचं हं, कारण डॅश डी फक्त पुढे बनणाऱ्यांसाठी असतं, आधीच्या फाईली तशाच राहतात, हे विसरून लोक एसीएल चालत नाही म्हणतात. सांबात इनहेरिट एसीएल्स यस ठेवा आणि क्रिएट मास्क, डिरेक्टरी मास्क इथेही ०७७० असू द्या. दुसरा फायदा मला नंतर कळला, ऑडिटवाल्यांना तोच फोल्डर फक्त वाचायला हवा होता. साध्या परमिशनमध्ये ग्रुपची जागा एकच, तिथे दुसरा ग्रुप बसवायचा कुठे, बाकी सगळ्या जगाला उघडं करून तर देता येत नाही. एसीएलमध्ये एक ओळ वाढवली, झालं.

त्रास इथेही आहे आणि त्याचं नाव मास्क, सांबाचा क्रिएट मास्क नव्हे, एसीएलमधला. एकदा कोणीतरी सवयीने एका फाईलवर सीएचमॉड ६४४ मारला. गेटएफएसीएल (लावलेला एसीएल दाखवणारी कमांड) केलं तर अकाउंट्ससमोर आरडब्ल्यूएक्स स्पष्ट लिहिलेलं, आणि त्याच ओळीच्या टोकाला इफेक्टिव्ह म्हणून नुसता आर. एसीएल असलेल्या फाईलवर सीएचमॉडचा मधला आकडा ग्रुपला नाही, मास्कला लागतो, आणि मास्कच्या वर कोणत्याच ग्रुपला काही मिळत नाही. ६४४ असलेली फाईल सर्व्हरवरच सीपीने कॉपी करून आत आणली तरी मास्क असाच आखडतो. म्हणजे फोन पूर्ण बंद झाले असं मी म्हणणार नाही, पण माझ्याकडे तरी आठवड्यावरून तीन-चार महिन्यांवर गेले. बॅकअपचंही बघा, आरसिंकला (बॅकअपसाठी फाईली कॉपी करणारी कमांड) नुसता डॅश ए देऊन एसीएल येत नाही, कॅपिटल ए वेगळा द्यावा लागतो, नाहीतर नव्या डिस्कवर सगळं उतरतं पण एलएसमधलं एसीएल असल्याचं अधिकचं चिन्ह कुठेच नसतं.

एका बाबतीत दोन्ही सारखेच हरतात. त्याच शेअरमध्ये एका फोल्डरमधून दुसऱ्यात ड्रॅग केलं की फाईल नवी बनत नाही, फक्त जागा बदलते, त्यामुळे जुना ग्रुप आणि जुनी परमिशन घेऊनच ती तिकडे जाते. यावर मला चांगला उपाय सापडलेला नाही, रविवारी रात्री सगळीकडून एकदा सेटएफएसीएल फिरवतो.

तुमच्याकडे ग्रुप एकच असेल आणि सगळं लिहिणं सांबातूनच होत असेल तर सेटजीआयडी ठेवा, उगाच बदलायला जाऊ नका. पण स्क्रिप्ट, एसएसएच, दुसरा ग्रुप यातलं एक जरी आलं असेल किंवा वर्षभरात येईल असं वाटत असेल तर मी तरी आत्ताच एसीएलवर जाईन, फाईली कमी आहेत तोवर सोपं पडतं. बदलायच्या आधी गेटएफएसीएल डॅश कॅपिटल आर करून सगळ्या फोल्डरच्या परमिशन एका टेक्स्ट फाईलमध्ये घेऊन ठेवा. गडबड झालीच तर सेटएफएसीएलचं रिस्टोर तीच फाईल वाचून सगळं आधीसारखं लावतं. मला ते एकदा लागलं होतं.