परतीचे तिकीट आणि अडकलेले डिपॉझिट

इंग्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेले आपले अनेक विद्यार्थी भाड्याच्या खोलीचे डिपॉझिट सोडून परत येतात आणि ‘जाऊ दे, आता इतक्या लांबून कोण भांडणार’ असे म्हणून तो विषय कायमचा मिटवतात. घरमालकांपैकी काही जण नेमके याच वाक्याची वाट पाहत असतात, हे मला स्वतःच्या अनुभवातून कळले. पुढच्यांना ते आधीच कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

लेस्टरमधील एका घरात मी आणि आणखी तीन विद्यार्थी राहत होतो. प्रत्येकाचा आपापल्या खोलीपुरता स्वतंत्र करार होता. माझ्या खोलीचे भाडे महिन्याला ५२० पौंड आणि डिपॉझिट ६०० पौंड, म्हणजे साठ हजार रुपयांहून जास्त, आणि तेही शैक्षणिक कर्जातून दिलेले. पैसे घेताना एजंटाने पावती दिली आणि ‘रक्कम नियमाप्रमाणे नोंदवली आहे’ असा ई-मेलही पाठवला. करार संपल्यावर खोली झाडून-पुसून, चाव्या देऊन मी भारतात परतलो. त्यानंतर कपातीचा हिशेब आला: साफसफाई १९० पौंड, गादीवरील डाग १३०, भिंतीचा रंग २१० आणि कार्यालयीन खर्च ३०. माझ्या वाट्याला उरले ४० पौंड, आणि ते हवे असतील तर ‘हा हिशेब मला पूर्णपणे मान्य आहे’ असे उत्तर लिहून पाठवायचे होते.

हा हिशेब मी तिथे असताना आला नाही, याला मी योगायोग मानत नाही. चाव्या देण्यापूर्वी एजंटाने माझ्या विमानाची तारीख दोनदा विचारली होती, आणि ‘तुम्ही असतानाच खोलीची पाहणी करू या’ ही माझी विनंती मात्र प्रत्येक वेळी टाळली होती. विद्यार्थी देशाबाहेर गेला की तो पुरावा गोळा करू शकत नाही, कार्यालयात येऊन बसू शकत नाही आणि थोड्याच दिवसांत नोकरीच्या शोधात गुंततो, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

मी साफसफाईचे बिल मागितले. ते आले तेव्हा त्यावरची तारीख मी खोली सोडण्याच्या आदल्या आठवड्यातली होती. त्या दिवशी मी त्याच खोलीत बसून प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहीत होतो आणि कोणीही साफसफाईला आलेले नव्हते. गादीवरचा डाग मी राहायला आलो त्याच आठवड्यात फोटो काढून एजंटाला ई-मेलने कळवलेला होता. भिंतीचा रंग उडाला होता तो खिडकीच्या वर, ओलीमुळे आलेल्या काळ्या बुरशीने, आणि त्याबद्दल हिवाळ्यात केलेल्या तक्रारी अजून माझ्या ई-मेलमध्ये होत्या. कार्यालयीन खर्चाच्या नावाखाली भाडेकरूकडून पैसे घेण्यास तर २०१९ च्या टेनंट फीज अ‍ॅक्टनेच मनाई केली आहे.

एवढे पुरावे हाताशी असूनही खरा उपयोग झाला तो एका वेगळ्याच गोष्टीचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून असा कायदा आहे की नेहमीच्या भाडेकरारात घेतलेले डिपॉझिट घरमालकाने सरकारमान्य संरक्षण योजनेत ३० दिवसांच्या आत नोंदवावे आणि त्याच मुदतीत भाडेकरूला त्याची लेखी माहिती द्यावी. अशा तीन योजना आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. तिन्हींच्या संकेतस्थळांवर आडनाव, घराचा पिनकोड, करार सुरू झाल्याची तारीख आणि रक्कम घालून आपली नोंद शोधता येते. मी तिन्ही ठिकाणी शोधले. माझ्या नावाची नोंद कुठेच नव्हती. ‘नियमाप्रमाणे नोंदवली आहे’ हे वाक्य धादांत खोटे होते, आणि फसवणूक माझ्या परतीनंतर नव्हे तर पैसे दिल्याच्या पहिल्याच महिन्यात झाली होती.

नोंद न करणाऱ्या घरमालकाला २००४ च्या हाउसिंग अ‍ॅक्टच्या कलम २१४ प्रमाणे न्यायालय डिपॉझिटच्या किमान एक पट आणि कमाल तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकते. नंतर घाईघाईने नोंद केली किंवा डिपॉझिट परत केले, तरी ही जबाबदारी संपत नाही. विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्राने हे मला समजावून सांगितले आणि दाव्यापूर्वीची नोटीस लिहायला मदत केली. नोटिशीत मी भावनेचा एकही शब्द लिहिला नाही. कराराची तारीख, पैसे जमा केल्याचा बँकेचा दाखला, तिन्ही योजनांमध्ये नोंद नसल्याचा उल्लेख, कलम २१४ आणि उत्तरासाठी मुदत, इतकेच लिहिले. घरमालकाचे नाव व पत्ता एजंट देत नव्हता. परंतु भाडेकरूने लेखी मागणी केल्यास ही माहिती २१ दिवसांत देणे त्याला बंधनकारक आहे, हे दाखवल्यावर तीही मिळाली. नोटीस पोहोचल्यावर संपूर्ण ६०० पौंड माझ्या खात्यात आले, सोबत एका शब्दाचेही स्पष्टीकरण नव्हते.

माझ्या शेजारच्या खोलीतील मैत्रिणीची हकीकत मात्र याहून वाईट आहे, आणि ती मला अधिक लागली. तिलाही तसाच हिशेब आला होता, पैशांची निकड होती, म्हणून तिने ‘मान्य आहे’ असे उत्तर पाठवून ४० पौंड घेतले. त्या एका ओळीमुळे कपातीविरुद्ध बोलणे तिला फार अवघड होऊन बसले. कपात मान्य नसेल तर अशी ओळ कोणीही लिहू नये. ‘एवढी रक्कम स्वीकारत आहे, उर्वरित कपात मला अमान्य आहे’ असे स्पष्ट लिहावे.

डिपॉझिट योजनेत नोंदवलेले असेल तर वाट बरीच सोपी असते. योजनेची तंटा निवारण सेवा विनामूल्य आहे, सगळे काम कागदपत्रांवर चालते आणि त्यासाठी इंग्लंडमध्ये असावे लागत नाही. कपात योग्य आहे हे सिद्ध करण्याचा भार घरमालकावर असतो, आणि रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. मात्र रक्कम घरमालकाकडेच राहते अशा विमा पद्धतीत तंटा नोंदवण्यासाठी करार संपल्यापासून साधारण तीन महिनेच मिळतात, त्यामुळे एजंटाच्या ‘पुढच्या आठवड्यात कळवतो’ यावर विसंबून ही मुदत घालवू नये.

म्हणून सगळ्यात आधी, पैसे दिल्यावर महिनाभराने, नोंदीचा दाखला स्वतः योजनेच्या संकेतस्थळावर जाऊन तपासावा. वार्षिक भाडे ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट मागता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. राहायला गेल्याच्या दिवशी काढलेले फोटो स्वतःकडे न ठेवता एजंटाला ई-मेलने पाठवावेत, कारण त्यावर तारीख पडते आणि ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणायला जागा उरत नाही. तिथले बँक खाते डिपॉझिट जमा होईपर्यंत बंद करू नये. ‘परदेशी खात्यात पैसे पाठवता येत नाहीत’ ही सबब मी अनेकांकडून ऐकली आहे. चौघांचा मिळून एकच करार असेल तर दावाही सर्वांनी मिळून करावा लागतो, तेव्हा घर सोडल्यावरही एकमेकांचे पत्ते व फोन नंबर जवळ असू द्यावेत.

घरमालकाच्याच घरात, त्याच्यासोबत स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वापरत राहणाऱ्यांना मात्र हे संरक्षण सहसा लागू होत नाही. आपले अनेक विद्यार्थी स्वस्त पडते म्हणून ओळखीच्या कुटुंबात असे राहतात. त्यांनी डिपॉझिट शक्य तितके कमी द्यावे आणि ते बँकेतूनच द्यावे.

जे आधीच परतले आहेत आणि ज्यांनी आशा सोडली आहे, त्यांच्यासाठी एवढेच की डिपॉझिट न नोंदवल्याबद्दलचा दावा करण्यासाठी सर्वसाधारणपणे सहा वर्षे मिळतात. जुना करारनामा आणि पैसे भरल्याचा दाखला शोधून काढावा, तिन्ही योजनांकडे चौकशी करावी, आणि नोंद सापडली नाही तर शेल्टर किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्थांचा विनामूल्य सल्ला घ्यावा. माझ्या मैत्रिणीने आता तेच सुरू केले आहे. तिचीही नोंद तिन्ही ठिकाणी नाही, आणि तिची नोटीस गेल्या आठवड्यात घरमालकाला गेली आहे.